चटणी कोल्हा नाही

अंधारात कसं बघायचं हे तुम्ही आम्हाला सकाळी अकरा वाजता शिकवलंत, साहेब. सगळ्या घोळाची सुरुवात तिथून आहे. हा घोळ ‘स्थानिक मेंढीपालकांच्या गैरसमजामुळे’ झाला असं तुम्ही पत्रात लिहिलंय, ते साफ खोटं आहे. संध्याकाळी पाचनंतर माणूस पाठवला तर तुमच्या सरकारी मंडळाला त्याला जादा पगार द्यावा लागतो, म्हणून कोकरं खाणारे कोल्हे मारायच्या रात्रीच्या दुर्बिणी तुम्ही दिवसा दाखवल्यात. दुसरं काही कारण नाही.

जून महिना होता, आमचा कोरडा हिवाळा. आभाळ घासूनपुसून ठेवल्यासारखं निळं, आणि आमच्या कॅरो वेल गावच्या हॉलला पडदे नाहीत. पूर्वी होते. महिला समितीनं धुवायला नेले तेव्हा ते आटले, आणि आता ते आमच्याच स्वयंपाकघरात लटकतात, कारण समितीची अध्यक्ष माझी बायको ग्वेंडा आहे. तर त्या लख्ख उजेडात तुमचा माणूस ब्रॅडली टेबलावर दोन जातींचे दिवे मांडून उभा राहिला.

“मंडळी, रायफलीवर दुर्बीण, आणि दुर्बिणीवर हा इन्फ्रारेड दिवा. याचा उजेड तुम्हाला दिसत नाही, कोल्ह्याला दिसत नाही. फक्त दुर्बिणीला दिसतो.”

त्यानं पहिल्या जातीचा दिवा लावला. काचेआड तांबडा ठिपका उमटला, सिगारेटच्या टोकासारखा. सगळे “हां!” म्हणाले. मग त्यानं दुसऱ्या जातीचा लावला. काही नाही. बटण पुन्हा दाबलं. सेल बदलले. टेबलावर आपटून बघितला. माझा शेजारी लोथर पोल्नर उठला, दिवा हातात घेतला आणि तुंबलेल्या नळीत डोकवावं तसा त्याला डोळा लावून उभा राहिला.

“मेलाय हा,” लोथर म्हणाला.

“दुसरा बघ,” मी म्हणालो.

“हाही मेलाय. अरे क्लीव्ह, खोक्यात सगळी मढीच भरलीत!”

ब्रॅडली कान खाजवत म्हणाला, “खेपच खराब आलेली दिसते. चालू आहेत तेच घ्या ना.” आणि हात वर करायला सांगितलं. सगळ्यांनी तांबड्या ठिपक्याला मत दिलं. मीही दिलं. लागलेला दिवा सोडून न लागणाऱ्या दिव्याला मत द्यायला मला काय वेड लागलंय?

उजेड दिसत नाही म्हणूनच हा दिवा घ्यायचा असतो, हे ब्रॅडलीनं नुकतंच सांगितलं होतं. हॉलमधल्या एकाही माणसाला ते आठवलं नाही. ब्रॅडलीलाही नाही.

जाता जाता त्यानं दुसरी गोष्ट सांगितली. महिनाभर मंडळाचे कॅमेरे कुंपणाच्या कडेला राहतील आणि आपोआप कोल्हे मोजतील. संख्या उतरली तर ठीक. नाही उतरली तर कुंपणाच्या कडेनं विष घातलेले मांसाचे तुकडे पुरले जातील.

आता चटणीबद्दल सांगतो, कारण तुमच्या पत्रात तिचं नाव कुठेच नाही. चटणी माझी केल्पी जातीची कुत्री. तांबूस अंग, ताठ कान, झुबकेदार शेपटी. मेंढ्या वळवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही आणि खाण्यातही नाही. पिल्लू असताना ग्वेंडाच्या टोमॅटोच्या चटणीच्या पातेल्यात तिनं तोंड घातलं, तिखट लागलं म्हणून केकाटत बाहेर काढलं आणि लगेच परत घातलं. त्यावरून नाव पडलं. तेव्हापासून आजवर तिनं कोकरांच्या कापलेल्या शेपट्या, रबरी हातमोजे, साबण, माझी अर्धी टोपी आणि पाद्रीबाबांचा एक बूट खाल्लाय. पुरलेला मांसाचा तुकडा ती सोडेल असं तुम्हाला वाटतं?

कुत्री बांधून ठेवा, असं तुमचं उत्तर आहे. कावळे ते तुकडे उकरतात आणि उडत उडत कुणाच्याही अंगणात टाकतात. कावळ्यांना कोण बांधणार? मागच्या वेळी विष टाकलंत तेव्हा लोथरची कुत्री तशीच गेली, स्वतःच्या अंगणात, गळ्यात साखळी असताना. मी तिथे होतो. ते मरण कसं असतं हे मी इथे लिहिणार नाही. त्यानंतर लोथरनं कुत्रा पाळला नाही. बायको आधीच गेलेली. त्या घरात आता तो आणि त्याचा रेडिओ.

म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं, या महिन्यात कोल्हे साफ करायचेच. कोकरांसाठी तर होतंच, पण मला विचाराल तर चटणीसाठी.

पहिल्या संध्याकाळी पिकअपच्या टपावर दिवा बांधला आणि मी दुर्बिणीत बघितलं. सगळं पांढरं. दुधाच्या पिंपात डोकं घातल्यासारखं.

“धुकं पडलंय,” मी म्हणालो.

“धुकं? मला चांदण्या दिसतायत.”

“तुला चांदण्या दिसत असतील. मला धुकं दिसतंय.”

परत आलो. ग्वेंडानं सूप वाढता वाढता विचारलं, “दिवा बांधला कुठे होता?” टपावर, म्हटलं. “आणि पिकअपचं बॉनेट कुठल्या रंगाचं आहे?” पांढरं. दिव्याचा सगळा उजेड बॉनेटवर पडून माझ्याच डोळ्यात येत होता. आम्ही दोघांनी सुपात तोंड घातलं.

दुसऱ्या दिवशी दिवा रायफलीवरच बसवला आणि बॉनेटवर घोंगडी टाकली. लोथरनं कवळी काढून खिशात ठेवली. कोल्ह्याला बोलावायची ती पत्र्याची शिट्टी तो हिरड्यांत धरून वाजवतो, आणि फासात अडकलेला ससा ओरडतो तसा इतका भेसूर आवाज काढतो की आपल्यालाच जाऊन त्याला सोडवावंसं वाटतं. कोल्हा आला. दुर्बिणीत त्याचे डोळे दोन नाण्यांसारखे चमकले. आला, आला, आणि गोळीच्या टप्प्याबाहेर चक्क खाली बसला. लोक टीव्हीसमोर बसतात तसा. आमच्या तांबड्या ठिपक्याकडे थोडा वेळ बघितलं, काही खास चाललेलं नाही अशी खात्री झाल्यावर उठला आणि निघून गेला.

“गेला?” लोथरनं बोळक्या तोंडानं विचारलं.

“गेला.”

“गोळी का नाही घातलीस?”

“अरे, टप्प्यात आलाच नाही, वाट बघून गेला!”

असं रोज. कोल्हे यायचे, बसायचे, जायचे. दरम्यान कोकरं जातच होती. सकाळी कुरणात फिरताना मी खाली बघायचं टाळायला लागलो.

लोथरचा एक गुण म्हणजे मेलेली वस्तू त्याच्यानं टाकवत नाही. त्यानं हॉलमधून एक मेलेला दिवा दुरुस्तीला आणला होता. एका संध्याकाळी सेल घालून, स्क्रू काढून, परत घालून कंटाळला, आणि बटण तसंच चालू ठेवून पिकअपच्या पुढच्या काचेपाशी त्यानं तो ठेवून दिला. मी कुंपणापाशी लघवीला गेलो होतो. परत फिरताना सहज रायफल उचलली आणि दुर्बिणीतून पिकअपकडे बघितलं. रायफल रिकामी होती आणि तिच्यावरचा दिवा बंद, हे तुमच्या माहितीसाठी.

साहेब, पिकअपच्या आत दिवाणखान्यासारखं उजळलं होतं. लोथरच्या टोपीची शिवण दिसत होती. शेजारी बसलेल्या चटणीच्या मिशा दिसत होत्या. आणि ज्या लोथरनं मला चारचौघांत ऐकवलं होतं की दुसऱ्याच्या कुत्र्याला खायला घालणारा माणूस चोर, तो लोथर कोटातून मेटवुर्स्ट काढत होता. ते त्याच्या आजोबांच्या पद्धतीचं, घरी धुरावलेलं, दोन्ही टोकांना सुतळी बांधलेलं सॉसेज. मला ख्रिसमसलाही त्यातली चकतीच मिळते. एक तुकडा चटणीला, एक स्वतःला. एक चटणीला. मध्येच त्यानं माझ्या दिशेनं अंधारात डोळे ताणून बघितलं, मी येत नाही याची खात्री केली, आणि आणखी एक चटणीला.

मी दार उघडलं. “काय चाललंय?”

“काही नाही. बसलोय.”

“चटणीला काय घातलंस?”

“मी? मी का घालीन तिला? क्लीव्ह, वय झालं तुझं, भास होतात तुला.”

“चार तुकडे घातलेस. मोजलेत मी.”

लोथरनं माझ्याकडे, मग रायफलीकडे, मग त्या मेलेल्या दिव्याकडे बघितलं. चटणी सुतळी चघळत होती.

“म्हणजे हा जिवंत आहे,” लोथर म्हणाला.

जिवंत होता. खोक्यातले सगळेच जिवंत होते. त्यांचा उजेड दिसत नव्हता, एवढाच त्यांचा गुन्हा. त्याचा टप्पा कमी पडतो हे खरं, पण लोथरच्या शिट्टीपुढे टप्पा लागतो कुणाला? दुसऱ्याच संध्याकाळी पहिला कोल्हा सरळ चालत आला, पार घोंगडीपाशी. मग दुसरा. मग ती कानफाटी कोल्हीण, जी आमच्या जुळ्या कोकरांवर टपून असायची. महिना संपेपर्यंत कुरणात सकाळी फिरताना मी पुन्हा खाली बघायला लागलो. कावळे नाहीत, रक्त नाही, कोकरं उभी. ग्वेंडानं लोथरला जेवायला बोलावलं, आणि त्यानं अख्खं मेटवुर्स्ट आणलं. राजरोस.

आणि मग तुमचं पत्र आलं. कोल्ह्यांची संख्या उतरली नाही, दुप्पट झाली. येत्या गुरुवारी विष टाकणार. पुराव्यादाखल फोटो जोडले होते.

ग्वेंडानं फोटो टेबलावर मांडले. काळेपांढरे, कारण इन्फ्रारेडमध्ये रंग नसतो. आमच्या आणि लोथरच्या मधल्या कुंपणाकडेनं एक प्राणी जातोय. ताठ कान, झुबकेदार शेपटी.

“क्लीव्ह,” ग्वेंडा म्हणाली, “या कोल्ह्याच्या गळ्यात पट्टा आहे.”

दुसऱ्या फोटोतही पट्टा. तिसऱ्यात तो लोथरच्या घराकडे निघालाय. चौथ्यात परत येतोय, आणि तोंडात काहीतरी लांबट आहे. चटणी रात्री व्हरांड्यात झोपते असा आमचा समज होता. ती आम्ही झोपलो की शेजारी जेवायला जायची, आणि दर खेपेला तुमच्या कॅमेऱ्यासमोरून एक कोल्हा जायचा आणि एक यायचा.

मी लोथरला फोन केला. “रोज येते ती तुझ्याकडे?”

“कोण?”

“लोथर!”

“येते,” तो म्हणाला. मग हळू आवाजात, “ओट्यावर बसते थोडा वेळ. मी हाकलायला हवं होतं रे. नाही हाकलवलं.”

मी त्याचा फोन ठेवला आणि ब्रॅडलीला फोन लावला.

“ब्रॅडली, तुमचा कोल्हा माझी कुत्री आहे.”

“क्लीव्ह, यंत्रानं तपासलंय. यंत्र म्हणतं कोल्हा.”

“गळ्यात पट्टा आहे!”

“ती सावली असू शकते.”

“सावलीला बक्कल आहे. आणि तोंडात सॉसेज आहे.”

“भक्ष्य आहे ते. तशी नोंद आहे.”

“भक्ष्याच्या दोन्ही टोकांना सुतळी बांधलेली असते का रे बाबा?”

पोरगा वाईट नाही. “हे बघा, मला दिसतंय. खरंच दिसतंय. पण माझ्या हातात नाही. संख्या मंजूर झालीय.”

“आम्ही कोल्हे मारलेत. कातडी दाखवतो.”

“कुठला दिवा वापरलात?”

“खोक्यातला. मेलेला.”

“मग ते धरता येणार नाहीत. ते दिवे खराब म्हणून नोंदलेत. बंद दिव्यानं शिकार होत नाही.”

“आणि चटणीला आजपासून बांधून ठेवली, संख्या खाली आली, तर?”

“तर विषाचा उपयोग होतोय असं दिसेल.”

“अजून टाकलंय कुठे विष?”

“टाकणार आहोत ना,” तो म्हणाला.

मी फोन ठेवला. आता चटणी धुण्याच्या खोलीत कोंडलेली आहे. ती दार ओरबाडते, रडते, आणि बाहेर मेंढ्या तिच्याशिवाय वळत नाहीत, म्हणून म्हातारपणी मी आणि लोथर हात पसरून त्यांच्यामागे धावतोय. ग्वेंडा कामं टाकून तिच्याजवळ जमिनीवर बसते. असं किती दिवस? विष जमिनीत आठवडेच्या आठवडे राहतं. कावळे तर त्याहून जास्त राहतात. एक दिवस कुणीतरी दार नीट लावायचं विसरेल. कोल्ह्यांसाठी म्हणून टाकलेलं ते विष नेमकं तुम्ही मोजलेल्या प्राण्यालाच लागेल, तुमचे आकडे झपकन उतरतील, आणि तुम्ही अहवालात यश म्हणून लिहाल. हे मी आधीच लिहून ठेवतोय.

मला अर्ज नको, बैठक नको, आणखी एक दिवा नको. चौथा फोटो काढून समोर ठेवा. पट्टा बघा, सुतळी बघा. तुमच्या मते हा कोल्हा असेल तर स्वतः या, धुण्याच्या खोलीचं दार उघडा आणि ग्वेंडासमोर तिला कोल्हा म्हणा. कुत्री असेल तर गुरुवारची गाडी थांबवा. कोल्हा की कुत्री? मला बुधवारच्या आत उत्तर हवंय, यंत्राचं नाही, तुमच्या तोंडचं.