जीभ, ओठ, दोन्ही गाल आणि योगेंद्र सर

चोपड्यातल्या मंगल कार्यालयात त्या रविवारी लग्न नव्हतं, तरी दारात चपलांचा ढीग होता. स्टेजवर लेझरचं पांढरं यंत्र ठेवलं होतं. पडद्याआड एकेक तान्हं बाळ जाई, दहा मिनिटांनी बाहेर येई आणि आईच्या पदराखाली असं घटाघटा पिऊ लागे, की बायका हात जोडत.

"तोंड बांधलेलं आहे," कोटवाले डॉक्टर माईकवर सांगत होते. "जीभ बांधलेली, ओठ बांधलेला, दोन्ही गाल बांधलेले. आज मोकळं केलं नाही तर उद्या बोबडं बोलेल, परवा दात फाकतील, दहावीला टक्के कमी पडतील."

सकाळपासून मोकळ्या तोंडाचं एकही बाळ त्यांना सापडलं नव्हतं. हे खरं तर योगेंद्र सरांना खटकायला हवं होतं. पण सर रांगेत होते, सातव्या नंबरवर.

सरांनी तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं होतं. निवृत्तीनंतर ते गावोगाव फिरून नारळातून जाळ काढून दाखवत आणि त्यामागचं रसायन सांगत. एका भगताला आपण कसं पळवून लावलं, हे ते न विचारताही सांगत. मुलगी दिपमाला बाळंतपणाला आली होती. नात वीस दिवसांची. पाजताना दिपमालाच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि बाळही चिडून रडायचं. शेजारणीनं दृष्टीचा दोरा सुचवला, तर सरांनी तिला तासभर व्याख्यान दिलं. दुसऱ्याच दिवशी या शिबिराचं पत्रक हाती आलं. त्यात तोंडाची आकृती होती आणि खाली आलेख. सर विरघळले. भगताकडे आलेख नव्हता.

शिबिराचा नियम होता, आधी तीन तास बाळाला पाजायचं नाही. नात रडून लालबुंद झाली.

"नाना, थोडं पाजते ना," दिपमाला म्हणाली.

"नियम म्हणजे नियम. भूल द्यायला पोट रिकामं लागतं," सर म्हणाले. असं त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. हे कारण त्यांनी स्वतःच शोधलं होतं. फॉर्म भरायला ते टेबलाकडे गेले.

शेजारच्या खुर्चीवर ताईबाई होत्या, डोंगराच्या पायथ्याच्या गावाहून सुनेसोबत आलेल्या. त्यांना ते रडणं सहन होईना.

"माय, पोरले भूक लागनी शे. पाज तिले," त्या म्हणाल्या. दिपमाला बाळावर वाकली, तशी त्यांनी तिची पाठ सरळ केली, हाताखाली पिशवी सरकवली. "तू वाकू नको, पोरले तुनाकडे आन. तोंड मोठं उघाडू दे, मंग लाव."

सर परतले तर नात शांतपणे पीत होती.

"काय केलंस हे? आता पुन्हा तीन तास थांबा."

"नाना," दिपमाला हळूच म्हणाली, "दुखत नाहीये."

सरांनी नातीकडे पाहिलं. प्रयोगात उपचार न दिलेलाही एक गट लागतो, हे त्यांनी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. तो गट त्यांच्यासमोर खुर्चीत बसून दूध पीत होता.

मग ते स्टेजकडे नीट पाहू लागले. लेझर झालेलं बाळ बाहेर आलं. मदतनीस बाईनं आईला सरळ बसवलं, हाताखाली उशी दिली, बाळाला जवळ ओढलं. ताईबाईंनी केलं तेच. शिवाय बाळ तीन तासांचं भुकेलं.

सर स्टेजवर चढले आणि त्यांनी स्वतःचा वरचा ओठ उचलला. "डॉक्टर, माझा बघता?"

डॉक्टरांनी सवयीनं बॅटरी मारली. "बांधलेला आहे. गालही."

"मी तीस वर्षं वर्गात बोलत आलोय."

"थांबतच नाहीत," दिपमाला खुर्चीतून म्हणाली. हशा पिकला.

तेवढ्यात सरांनी माईक घेतला. "सगळ्यांनी जिभेचं टोक वरच्या ओठामागे फिरवा. पातळ पडदा लागला? तो जवळपास प्रत्येकाला असतो, गालांतही असतो. काही बाळांची जीभ खरंच अडकलेली असते, त्यांना उपचार लागतो. पण त्याआधी आई कशी पाजते ते बघतात, बाळाचं वजन बघतात. इथे कुणी बघितलं?"

चार-पाच आया उठल्या, ताईबाईंची सूनही उठली. बाकीच्या बसून राहिल्या, कारण यंत्र अजून तिथेच होतं आणि चांगलं चकचकीत होतं.

दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी दिपमालाला समोर पाजायला लावलं, नातीच्या जिभेखाली बोट फिरवलं, वजन केलं आणि सांगितलं, "जीभ मोकळी आहे. असंच पाजत राहा."

आता गावोगावच्या कार्यक्रमांत सर भगताची गोष्ट सांगत नाहीत, ही सांगतात. "फसणारा अडाणीच असतो असं समजू नका," ते म्हणतात. "मी बीएस्सी आहे. समोर दोरा असो की लेझर, एकच विचारा, हे केलं नाही तर काय होईल, आणि ते तुम्हाला कशावरून कळलं? मी विचारलं नाही. वीस दिवसांच्या नातीला तीन तास उपाशी ठेवलं, आणि तेही विज्ञानाच्या नावानं."