आत्याकडे गेलेली मुलगी

जवळच्या नंबरासाठी डोळे तपासताना चष्मेवाले दादा प्रत्येकाला विचारायचे, "सध्या काय वाचताय?" यात चौकशीपेक्षा कामाचा भाग जास्त. कुणी आडवं होऊन वाचतं, कुणी टेबलावर. अंतर कळल्याशिवाय काच ठरत नाही. पण विचारता विचारता त्यांना पुस्तकांचं वेडच लागलं. गिऱ्हाइकाने नाव घेतलेलं पुस्तक ते वाचनालयातून आणायचे आणि आवडलं की पुढच्याच्या गळ्यात मारायचे.

कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या मावशी नवरा गेल्यावर सहा महिन्यांनी पहिल्यांदाच चष्मा करायला आल्या.

"सध्या काय वाचताय, मावशी?"

"अर्धं पुस्तक. म्हणजे वाचत नाही, ऐकत होते. मी इस्त्री करायची आणि आमचे हे समोर बसून वाचून दाखवायचे. तीस वर्षं. मला वाचता येतं हो, पण हात मोकळे कुठे होते? आता हे मधेच सोडून गेले. म्हटलं, पुढचं आपणच वाचावं."

पुस्तक होतं एका म्हाताऱ्या नावाड्याचं आणि त्याच्या नातीचं. दादांचा चेहरा खुलला.

"अहो, मागच्याच वर्षी वाचलं मी! काय लिहिलंय! ती पोरगी बुडते ना, तेव्हा मला दोन दिवस जेवण..."

"कोण बुडते?"

"नात."

"छे! ती आत्याकडे गेली, शिकायला. तिची पेटी भरतात त्याचं केवढं वर्णन आहे. निळा फ्रॉक, रिबिनी, तुटक्या कानाची बाहुली. मी ऐकलंय ना!"

दादांच्या हातातली काच हातातच राहिली. पुस्तकात पेटी नव्हती. आत्याही नव्हती. त्या माणसाने असं का केलं असेल, ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण उगाच केलं नसणार, एवढं कळलं.

"बरोबर," ते म्हणाले. "माझीच गल्लत झाली. इतकी पुस्तकं वाचतो की एकातली पोरगी दुसऱ्यात शिरते."

चार दिवसांनी चष्मा तयार झाला. दादांनी तो मावशींच्या डोळ्यांवर चढवला, कानामागची काडी जरा वाकवून नीट बसवली, त्यांना बारीक अक्षरं वाचायला लावली. मावशी निघाल्या तेव्हा दादांना राहवलं नाही.

"खूण आहे तिथूनच पुढे वाचा हं. मागचं पुन्हा कशाला?"

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मावशी आल्या. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. त्या बसल्या आणि म्हणाल्या, "पहिल्या पानापासून वाचलं मी."

दादांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"आमची धाकटी पाण्यातच गेली होती. सात वर्षांची. हे कुठे अडखळलेसुद्धा नाहीत हो. डोळ्यांसमोर छापलेलं एक, आणि तोंडाने हे पेटी भरतायत. फ्रॉक तिचाच होता, दादा. मला तेव्हाही ओळखीचा वाटला. पण मी बसले शर्टाच्या कॉलरशी झटत. एकदा मान वर केली असती तर त्यांचं तोंड दिसलं असतं मला."

"मीही तुमच्याशी खोटं बोललो, मावशी."

"ते कळलं. पण त्यांच्यासारखं सफाईने नाही जमलं तुम्हाला." डोळे पुसता पुसता त्या हसल्या.

मग त्यांनी सांगितलं, नवऱ्याने वाचून दाखवलेली सगळी पुस्तकं आता त्या एकेक करून वाचतायत. कुठेकुठे त्याने रस्ता बदलला ते बघायचंय. पोस्टमास्तरच्या मुलीची गोष्ट कालच संपवली.

"पुस्तकात ती एकटीच राहते शेवटपर्यंत. मला काय माहीत! यांनी तिचं थाटात लग्न लावून दिलं होतं. नवऱ्यामुलाची बहीण रुसली, तिची समजूत घातली, सगळं."

"वाचू का मी ते?"

"वाचा की. चांगलंय. पण छापलेलं त्यामानाने कोरडं आहे."

दादांनी खुर्ची पुढे ओढली. "मग आधी ते लग्न सांगा."

मावशींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि वऱ्हाडाला यायला उशीर झाला तिथपासून सुरुवात केली.