आमच्या आडनावातली वेलांटी

आमच्या आडनावात एक वेलांटी आहे आणि ती दुसरी आहे, हे काकांशी ओळख झालेल्या कुठल्याही माणसाला चहा येण्याआधीच कळायचं. काका जन्मभर छापखान्यात मुद्रितशोधक होते. "लोकांच्या चुका काढायचा पगार मिळतो, याहून सुखाची नोकरी कुठली?" असं काकू म्हणायची. निवृत्तीनंतर तेच काम फुकटात चालू राहिलं, ते मात्र तिला जड जात होतं. दुकानाची पाटी असो नाहीतर लग्नपत्रिका, काकांच्या खिशातलं लाल पेन लगेच बाहेर यायचं.

याच काकांनी आडनावाचा इतिहास लिहायला घेतला.

"आपलं आडनाव दुर्मीळ आहे," ते म्हणाले. "दुर्मीळ गोष्टींची नोंद राहायला हवी."

"फारशी कुणाला नको असलेली वस्तूपण दुर्मीळच असते," काकू म्हणाली.

काका बधले नाहीत. जेवणाच्या टेबलावर कागदाला कागद चिकटवून वंशावळ पसरली आणि घरातली माणसं मांडीवर ताट घेऊन जेवू लागली. काका नातेवाइकांना फोन लावायचे, माहिती काढायचे, रात्रीच्या आत टिपून ठेवायचे. टाईप करायचं काम माझ्याकडे, कारण मी पुतणी आणि मला नाही म्हणता येत नाही. पहिल्या प्रकरणाला त्यांनी नाव दिलं, 'विद्येचा वारसा'. आमचा मूळ पुरुष कुणी थोर लेखनिक असणार, असं त्यात ठासून लिहिलं होतं.

"काका, याला पुरावा काय?"

"मी आहे ना! अक्षराचं हे वेड काय हवेतून आलं?"

आमच्याच आडनावाचे आणखी काही लोक होते, पण ते पहिली वेलांटी लिहीत. त्यांना वंशावळीत जागा नव्हती. "ती माणसं नव्हेत, मुद्रणदोष आहेत," असं काका म्हणायचे.

एके दिवशी काकांची दाढ ठणकायला लागली. नेहमीचे डॉक्टर रजेवर होते, म्हणून मी त्यांना मागच्या रस्त्यावरच्या नव्या दवाखान्यात घेऊन गेले. दारावरची पाटी वाचून काका जागच्या जागी थबकले. आमचंच आडनाव. पहिली वेलांटी.

"चल परत," ते म्हणाले. पण दाढेचं मत वेगळं होतं. गालाला हात लावून ते मुकाट्याने आत शिरले.

डॉक्टरीणबाई माझ्याहून थोड्या मोठ्या असतील. काकांना खुर्चीत आडवं करून, तोंडात कापूस भरून त्यांनी केसपेपर वाचला आणि खुदकन हसल्या.

"अरे वा, दुसरी वेलांटी! आमच्या घरी म्हणतात, तुम्ही लोकांनी मोठेपणा मिरवायला आडनाव लांबवलंत."

"आँ! आँ आँ!" काका उसळले.

"बोलू नका. आ करा. अजून मोठा."

काकांना वाद हरताना मी कधी पाहिलं नव्हतं. इथे तर त्यांना वादात शिरताच येईना. बाई एकीकडे दाढ कोरत होत्या आणि दुसरीकडे सांगत होत्या, की त्याही घराण्याची माहिती जमवताहेत; त्यांची एक आत्याआजी आहे, तिला जुनं सगळं लख्ख आठवतं, फक्त ऐकू कमी येतं. "याल का एकदा? दोघं मिळून विचारू."

काकांचा अर्धा चेहरा बधिर होता. ते "येऊ" म्हणाले की "नाही येत", ते कुणालाच कळलं नाही. बाईंनी "येऊ" असं धरलं.

आत्याआजी लेकीकडे राहायची. आम्ही पोचलो तेव्हा ती गॅलरीत मटार सोलत बसली होती. तिने आमच्याही पुढ्यात शेंगा टाकल्या. काकांनी वही उघडली, घसा साफ केला आणि मोठ्याने विचारलं, "आजी, तुमच्या आजोबांचं नाव काय?"

"नाव?" आजीचा चेहरा उजळला. "होती की! काळी कुळकुळीत. डांबर फासायचे तिला."

काका गोंधळले. "नाव, आजी, नाव! आजोबांचं!"

"तेच सांगतेय ना! त्यांचीच होती. भाड्याची नव्हे. पावसाळ्यात काठावर उलटी घालून ठेवायचे आणि आम्ही पोरं तिच्याखाली लपायचो."

डॉक्टरीणबाईंनी शेंग खाली ठेवली. माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता, पण काकांकडे बघायची हिंमत होईना.

"आजोबा... होडी चालवायचे?" बाईंनी आजीच्या कानाशी जाऊन विचारलं.

"मग? नावाडीच होते. सगळे नावाडीबाबा म्हणायचे. खरं नाव कुणाच्या लक्षात राहणार!"

काकांचं पेन वहीवर नुसतंच टेकलं होतं. अखेर त्यांनी शेवटचा आधार काढला. "मग वेलांटी? वेलांटीचं काय?"

"कोण वेलांटी? कुणाची मुलगी?"

बाईंनी मोठ्या अक्षरांत आडनाव दोन तऱ्हांनी लिहून आजीसमोर धरलं. आजीने चष्मा लावला आणि हसायला लागली.

"हे होय! अरे, त्यांना कुठलं लिहायला येतंय? अंगठा उठवायचे. पण दोन्ही मुलांना शिकवलं हो. एकाला या काठावरच्या शाळेत घातलं, दुसऱ्याला त्या काठावरच्या. गिऱ्हाइकं दोन्हीकडची, कुणी नाराज व्हायला नको! दोन मास्तर, दोघांनी आपापल्या कानाने आडनाव लिहून दिलं. पोरं घरी येऊन भांडायला लागली, माझं बरोबर की तुझं. शेवटी दोन्ही पाट्या बापापुढे धरल्या. त्यांनी खूप वेळ बघितल्या आणि म्हणाले, मला तर दोन्ही सुंदर दिसतात."

मग आजीने काकांना दटावलं, "हात चालू दे, मटार संपायचेत."

घरी येऊन काकांनी 'विद्येचा वारसा' मला पुसून टाकायला सांगितलं. त्यानंतर कित्येक दिवस लाल पेन बाहेर निघालं नाही. काकू घाबरली. "अगं, शेजारची पत्रिका आलीय. त्यात 'आशीर्वाद' चुकलाय आणि हे बघून न बघितल्यासारखं करतात. डॉक्टरांना दाखवायचं का?"

पण एका सकाळी बघते तर काका जमिनीवर बसून वंशावळीला उजवीकडे नवे कागद जोडत होते. टेबल आता पुरणार नव्हतं.

त्यांनी आणि डॉक्टरीणबाईंनी मिळून सगळ्या आडनावबंधूंना बोलावलं. एका शाळेचा हॉल घेतला. माणसं बरीच आली, पण कुणी न सांगता पहिलीवाले एका बाजूला बसले, दुसरीवाले दुसऱ्या. मध्ये चटईची पट्टी मोकळी राहिली. काकांनी उभं राहून नावाडीबाबांची हकिकत जशीच्या तशी सांगितली.

आमच्यातले वकीलसाहेब उठले. "हे सगळं ठीक आहे. पण पुस्तकात नावाडी कशाला? 'जलवाहतूक व्यवसाय' म्हणा. भारदस्त वाटतं."

"नावाडी हा शब्द बरोबर आहे," काका म्हणाले. "मी तपासलाय."

पलीकडून एक शिंपीण म्हणाली, "आणि आडनाव कसं छापणार? तुमच्या हातात पेन, म्हणजे आम्हाला सुधारणार असाल."

काका म्हणाले, "जो जसं लिहितो, तसंच छापणार. मी एकही वेलांटी बदलणार नाही." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "अंगठा उठवणाऱ्या माणसाने दोन्ही पाट्या पाहिल्या आणि त्याला चूक दिसली नाही. मला आयुष्यभर चुकाच दिसल्या. आता या वयात थोडं त्याच्यासारखं बघून पाहतो."

पहिली टाळी काकूची. चहाच्या वेळी मधल्या पट्टीवरच गर्दी झाली. आत्याआजी खुर्चीत बसून एकेकाची हनुवटी धरून बघत होती आणि "हे नाक आमचंच" असं जाहीर करत होती. वकीलसाहेबांच्याही नाकाला तिने मान्यता दिली.

पुस्तकासाठी फोटो हवा म्हणून आम्ही नदीवर गेलो. नाव केव्हाच गेली होती, तिथे पूल झाला होता. काका आणि डॉक्टरीणबाई पुलाच्या मधोमध उभे राहिले आणि मूळ घर कुठल्या काठावर होतं यावरून जुंपली. आजीने शाळेचं सांगताना "या काठावर" म्हटलं होतं खरं, पण हा काठ कुठला ते ठरेना. काकू कठड्याला टेकून म्हणाली, "काढ गं फोटो, ऊन चढायच्या आत."

मी काढला. फोटोत दोघांचे हात दोन दिशांना आहेत आणि दोघांनाही स्वतःची खात्री आहे. काका म्हणाले, पुन्हा काढू. बाई म्हणाल्या, हाच राहू दे. हाच छापला.