आजीने गाडी काढली

मुलगी आणि जावई शुक्रवारी संध्याकाळी रेल्वेने निघाले ते फ्रिजवर चौदा कलमांची यादी लावूनच. बऱ्याच वर्षांनी दोघंच दोन दिवस कुठे चालले होते, म्हणून आजीला त्यांचं कौतुक वाटत होतं. यादी वाचेपर्यंत.

पहिलं कलम होतं, ‘दोन दिवस मुलांची संपूर्ण जबाबदारी आई-बाबांची.’ मग जेवणाच्या वेळा, मोबाईलच्या वेळा, आजोबांच्या गोळ्यांच्या वेळा. अकरावं होतं, ‘परिक्षा होईपर्यंत मोठीचं पोहणं बंद. विषय काढू नये.’ आणि बारावं, ‘आईने गाडी चालवायची नाही.’

आजोबांनी खिशातून लाल पेन काढलं. अडतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. चुकीचा शब्द दिसला की त्यांचा हात शिवशिवायचा. “परीक्षेतली री दीर्घ,” असं पुटपुटत त्यांनी चार चुका सुधारल्या. “आशय मात्र ठीक आहे.”

“आशयाचं मी बघते,” आजी म्हणाली.

आजीने सव्वीस वर्षं शहरात बस चालवली होती. अख्ख्या डेपोत ती एकटी बाई. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मुलीने तिला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीच ‘खुशाल चालवा’ म्हणून सांगितलं होतं. मुलीने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

शनिवारी नात दिवसभर खोलीत होती. सोळा वर्षांची पोर, खांदे रुंद, केस आखूड. जेवायला आली ती दोन घास खाऊन उठली.

“हिचं काय बिनसलंय?” आजीने नातवाला विचारलं. तो चौदाचा. मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, “उद्या ताईची निवड चाचणी आहे. विभागाच्या संघाची. सहामाहीला गणितात गचकली ना, म्हणून आई नाही म्हणाली. पण ताई जाणार आहे. सहाच्या बसने. मी तुम्हाला सांगितलं नाहीये.”

आजी उठली आणि सरळ नातीच्या खोलीत गेली. नात पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती.

“पळून जाणार आहेस म्हणे.”

नातीने दाराबाहेर भावाकडे जळजळीत पाहिलं. “मग काय करू? सरांनी माझं नाव दिलंय. आठ महिने रोज पहाटे उठलेय मी. आणि एका पेपरवरून सगळं बंद!”

“गणितात का गेलीस?”

“अभ्यास केला नाही म्हणून.” नात जरा थांबली. “पोहण्यामुळे नाही. मला कंटाळा येतो त्याचा.”

हे उत्तर आजीला आवडलं. पोरगी निदान खोटं बोलत नव्हती.

“चोरून जायचं नाही,” आजी म्हणाली. “मी बस चालवायला लागले तेव्हा माझे वडील तीन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. पण मी त्यांच्यासमोर गणवेश घालून घराबाहेर पडायचे. जायचं तर सांगून जायचं. आण तो फोन.”

“अगं, जरा सबुरीने घे,” दारातून आजोबा म्हणाले.

“अहो, सबुरीच करत आलेय ऑपरेशनपासून.”

मुलीने फोन उचलला. आजीने आडवळण घेतलंच नाही. “उद्या सकाळी हिला चाचणीला घेऊन जातेय. तुझ्या गाडीने. मी चालवणार आहे.”

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, “आई, तू शुद्धीवर आहेस ना? मी काय लिहून ठेवलंय?”

“वाचलंय. बाबांनी तपासूनही दिलंय.”

“चेष्टा नकोय मला! तिची आई मी आहे. तीन महिन्यांवर परीक्षा आलीये. उद्या ती नापास झाली तर तू निस्तरणार आहेस का?”

“गणित तिने करायलाच हवं. त्यात मी तुझ्या बाजूने आहे.” आजीचा आवाज एकदम खाली आला. “तू सातवीत होतीस, तुला धावायच्या शिबिराला जायचं होतं. मी दोन पाळ्या करून आले होते. तू तोंड उघडायच्या आत नाही म्हटलं. आठवतं?”

“हे आत्ता कशाला काढतेस?”

“त्यानंतर तू माझ्याकडे कधी काही मागितलंच नाहीस. मला वाटायचं, पोरगी शहाणी झाली. तेव्हा माझं चुकलं होतं, बाई. तीच चूक तुझ्या हातून होताना मी गप्प बसणार नाही.”

“तू तिला नेलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही, आई.”

“नको बोलूस. आम्ही साडेसातला निघतोय.”

फोन ठेवून आजीने गाडीची किल्ली शोधली. ती तिने पदराच्या टोकाला बांधली.

रविवारी चौघंही निघाले. यादीही बरोबर घे, असं आजीने नातवाला बजावलं होतं. आजोबा पुढे बसून पट्टा दोन्ही हातांनी धरून होते. पहिल्या चौकात मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नवर हॉर्न दिले. आजीने आरशात पाहिलं आणि वेग तसूभरही वाढवला नाही. “या असल्यांना मी सव्वीस वर्षं मागे ठेवलंय,” ती म्हणाली. मागच्या सीटवर नात पहिल्यांदा हसली.

तलावाच्या दारात टेबल मांडून एक गृहस्थ अर्ज घेत होते. “पालकांची सही?”

“मी करते.”

“तुम्ही आजी ना? आई किंवा वडील लागतात.”

आजीने यादी त्यांच्यापुढे ठेवली आणि पहिल्या कलमावर बोट टेकवलं. “संपूर्ण जबाबदारी. माझ्या मुलीच्या हातचं आहे. शुद्धलेखनही तपासलेलं आहे.”

त्यांनी पूर्ण यादी वाचली. अकराव्या कलमापाशी त्यांच्या भुवया वर गेल्या. “इथे तर पोहणं बंद लिहिलंय.”

“लिहिलंय. मला ते मान्य नाही, आणि तसं मी तिला काल फोनवर सांगितलंय. तुम्हाला खात्री करायची असेल तर नंबर देते. चिडलेली आहे, पण खोटं नाही सांगणार.”

त्यांनी खरोखरच नंबर फिरवला. ते बाजूला जाऊन बोलले, बराच वेळ नुसतंच ऐकत राहिले. परत आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. “म्हणाल्या, आता गेलीच आहे तर पोहू दे. बाकीचं घरी बघते म्हणाल्या.”

नातीने नजर उचलून आजीकडे पाहिलं. आजीने नुसती मान हलवली. “जा. कपडे बदल.”

आठजणी पाण्यात उतरल्या. निवड तिघींची होणार होती. तलावाच्या पहिल्या लांबीला नात सहावी होती, वळणावर पाचवी. शेवटच्या लांबीला ती अशी सुटली की नातू मोबाईल विसरून कठड्यावर चढला आणि आजोबा, ज्यांनी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता, “मार! हात मार!” म्हणून ओरडले.

ती चौथी आली. वीतभर अंतराने.

पाण्याबाहेर येऊन ती धापा टाकत बसली. आजीने तिच्या खांद्यांवर टॉवेल टाकला. समजूत घातली नाही.

“पुढच्या वर्षी परत येणार,” नात म्हणाली.

“ये की.”

संध्याकाळी मुलगी आणि जावई आले. जावई बॅगा ठेवून नातवाला घेऊन आत गेला. मुलगी दारातच उभी राहिली. डोळे सुजलेले. “आई, मला तुझ्याशी—”

“आजीला काही बोलू नकोस,” नात मध्ये आली. “मला बोल. सहामाहीला मी अभ्यास केला नव्हता, ते माझं चुकलं. रोज दोन तास गणित करीन, तू वही तपास. पण उद्या पहाटे मी तलावावर जाणार आहे. लपून नाही. तुला सांगून.”

मुलीने लेकीकडे पाहिलं, मग आईकडे. आजीने नजर खाली घातली नाही.

“माझा राग गेलेला नाही,” मुलगी म्हणाली.

“असू दे,” आजी म्हणाली.

मुलगी खुर्चीत बसली. तिने चपलाही काढल्या नव्हत्या. मग तिने लेकीला विचारलं, “आजोबा फोनवर म्हणाले, पहिल्या लांबीला मागे पडलीस. का?”

“घाबरले होते.”

“हं,” मुलगी म्हणाली. “आधी गणिताची वही आण.”