काठाबाहेरचे दोन धागे

आपला मुलगा ड्रायव्हर लिहितो, असं शैलाताईंनी सोसायटीत मोठ्या अभिमानाने सांगितलं, आणि आठवड्याच्या आत दोन घरांतून विचारणा आली की शिर्डीला गाडी घेऊन यायला आल्हाद रविवारी मोकळा आहे का. तेव्हापासून त्यांनी सांगणं बंद केलं.

खरं तर काम सांगण्यासारखंच होतं. आल्हाद नोकरी करायचा अंबडच्या एका कंपनीत, पण त्याचा जीव एका ऑपरेटिंग सिस्टिममध्ये अडकलेला. ही सिस्टिम कुणा एकाच्या मालकीची नव्हती. जगभरचे हौशी लोक मिळून ती लिहीत, आणि ज्याला वाटेल त्याने ती उघडून बघावी, सुधारावी. एका जुन्या लॅपटॉपच्या पडद्यावर चित्र उमटवणारा तिचा भाग, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर, आल्हादने अंगावर घेतला होता. आयुष्यातला पहिलाच ड्रायव्हर, आणि तोही वचन देऊन बसल्यावर.

वचन दिलं होतं वत्सलाबाईंना. त्या येवल्याच्या, चाळीस वर्षं पैठणी विणणाऱ्या. मुलींना पैठणीची नक्षी कॉम्प्युटरवर काढायला शिकवायची म्हणून त्यांनी वर्ग काढला. एका ऑफिसाने त्यासाठी मोडीत निघालेले बारा लॅपटॉप दिले, पण त्यांच्यावर नेहमीचं काहीच चालेना. आईबरोबर साडी बघायला गेलेल्या आल्हादने, कुणी विचारलेलं नसताना, छाती फुगवून सांगून टाकलं, "मावशी, तीन आठवडे द्या. आमची सिस्टिम टाकून देतो." आणि नमुना म्हणून एक लॅपटॉप काखेत मारून तो नाशिकला आला.

तिसरा आठवडा या रविवारी संपत होता. सोमवारी वर्ग सुरू झाला नाही तर खोली शिवणक्लासला जाणार होती. अठरा मुलींची नावं येऊन पडली होती. वत्सलाबाई रविवारी दुपारच्या एसटीने स्वतःच नाशिकला येऊन थडकल्या.

"झालंय मावशी," आल्हाद म्हणाला. "म्हणजे जवळजवळ. जरासं तिरकं दिसतंय, इतकंच."

त्याने लॅपटॉप उघडला. पडद्यावर त्याने मुद्दाम वत्सलाबाईंच्याच नक्षीतला मोर लावला होता. मोराचं डोकं एका टोकाला, पाय दुसऱ्या टोकाला आणि मधलं सगळं अंग आडवं फाकलेलं.

"हा मोर होय?" शैलाताई म्हणाल्या. "मला वाटलं गच्चीवर वाळत घातलेली चादर उडतेय."

रामकुंडावर यात्रेकरूंची पूजा सांगून नुकतेच परतलेले गंगाधरगुरुजी, म्हणजे आल्हादचे वडील, सोवळं बदलून आले आणि मान डाव्या खांद्यावर टाकून बघत राहिले. मग म्हणाले, "टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घालून बघितलास का?"

पुठ्ठा सोडून आल्हादने सगळं करून बघितलं होतं. केबल बदलली, पडद्याला चित्र पुरवणाऱ्या चिपचं घड्याळ तपासलं, चिपच्या माहितीची चारशे पानं वाचली, निदान वाचली असं तो सगळ्यांना सांगत होता. ड्रायव्हर तपासून सिस्टिममध्ये घेणारा जो प्रमुख होता, त्याला आल्हादने कधी पाहिलेलं नव्हतं. तो कुठल्याशा थंड देशात राहायचा आणि शब्द जपून वापरायचा. त्याचं सकाळचं उत्तर होतं, "तिरकं आहे. संध्याकाळी सहाला नव्या आवृत्तीचं दार बंद करतो." पुढची आवृत्ती सहा महिन्यांनी, आणि तोवर बाकीच्या अकरा लॅपटॉपवर काही टाकता येणार नव्हतं.

"चूक चिपमध्येच असणार," आल्हाद म्हणाला. स्वतःची चूक सापडत नसली की त्याला नेहमी असंच वाटायचं.

वत्सलाबाईंनी पिशवी चाचपली. पोळीभाजीच्या डब्याखालून एक छोटं पितळी भिंग निघालं. धागे मोजायचं.

"मोर काढ. एक उभी सरळ रेघ दे मला."

"मावशी, हे कापड नाही. यात सॉफ्टवेअर—"

"रेघ दे म्हटलं ना."

आल्हादने रेघ दिली. ती वरून निघाली आणि डावीकडे घसरत पार कडेला जाऊन आपटली. वत्सलाबाईंनी भिंग थेट पडद्यावर टेकवलं, डोळा लावला आणि ओठांतल्या ओठांत मोजायला लागल्या. गेले तीन आठवडे आल्हाद कोडकडे डोळे फाडफाडून बघत होता. पडद्याकडे इतक्या जवळून त्याने एकदाही बघितलं नव्हतं.

"दर ओळीला दोन घरं," वत्सलाबाई म्हणाल्या. "एक नाय, तीन नाय. दोनच. वरपासून खालपर्यंत एकसारखं डावीकडं पळतंय. बिघडलेलं यंत्र असं शिस्तीत चुकत नाय. तुझी ओळ किती घरांची हाय?"

"तेराशे सहासष्ट."

"आणि त्या यंत्राची?"

"तेवढीच. पडद्यावर तेवढेच ठिपके दिसतात."

"दिसतात किती ते कोण विचारतंय? आमच्याकडं काठाच्या बाहेर दोन धागे जास्तीचे असतात. साडीत कुणी ते धरत नाय, पण मागावर मोजावेच लागतात. नवी पोरगी हमखास विसरते. मग पुढची ओळ दोन घरं आधीच सुरू होते अन् फूल चाललं तिरकं." त्यांनी भिंग पदराला पुसलं. "तू काठाबाहेरचे धागे मोजलेच नायस, दादा."

आल्हादने चिपची माहिती उघडली. पान दोनशे बारा. सोपं वाटलं म्हणून त्याने हे पान ओलांडलं होतं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं की चिपला ओळीची लांबी ठरावीक पटीतच लागते, म्हणून पडद्याला तेराशे सहासष्ट ठिपके असले तरी चिप ओळ मोजते तेराशे अडुसष्टची. शेवटचे दोन कुणाला दिसत नाहीत.

त्याने एक आकडा बदलला. लॅपटॉप बंद करून सुरू केला. मोर सरळ उभा होता, चोच नीट, पिसारा नीट, आणि आल्हाद आनंदाने इतका ओरडला की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

"एका आकड्याला तीन आठवडे?" शैलाताई म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

चार वाजले होते. आल्हाद प्रमुखाला पाठवायचा मजकूर लिहायला बसला. काय बदललं, का बदललं. शेवटी रिवाजाप्रमाणे एक ओळ असते: चूक कुणी शोधली. तिथे त्याची बोटं थांबली. ती ओळ रिकामी सोडली तर कुणाला कळणार नव्हतं. पहिल्या ड्रायव्हरखाली एकट्याचं नाव छान दिसलं असतं. असं वाटल्याची त्याला लाजही वाटली, पण आधी वाटलं ते वाटलंच.

"मावशी, तुमचं पूर्ण नाव?"

"कशाला? मी कशावर सही-अंगठा करणार नाय हां."

"सही नाही. चूक शोधणाऱ्याचं नाव खाली लिहितात. ते कायम राहतं. कुणीही, कधीही बघू शकतं."

"म्हणजे तुमची वही आहे म्हणा की," गंगाधरगुरुजी एकदम सावरून बसले. यात्रेकरूंच्या पिढ्यान् पिढ्यांची नावं त्यांच्या वह्यांत होती, आणि तीन आठवड्यांत मुलाचं काम त्यांना आत्ता पहिल्यांदा कळलं होतं. "मग नाव घातलंच पाहिजे. आलेल्या माणसाचं नाव सोडलं तर ती वही कसली?"

वत्सलाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "साडीवर विणणारीचं नाव नसतं, गुरुजी. पेटीवर दुकानाचं असतं."

मग त्यांनी नाव सांगितलं आणि आल्हादने ते मराठीतच टाइप केलं: वत्सलाबाई रंगनाथ, येवला.

पाच वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं. "सरळ आहे. घेतलं. त्या बाईंना विचार, तसलं भिंग कुठे मिळतं."

आल्हादने त्याच जुन्या लॅपटॉपवर त्या नोंदीचं पान उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. वत्सलाबाईंनी पुन्हा भिंग काढलं आणि आपल्या नावावर टेकवलं. काना, मात्रा, अनुस्वार, एकेक घर करत त्या सरकत होत्या.

"नीट आहे ना, मावशी?"

"सरळ हाय," त्या म्हणाल्या.

आल्हादने येवल्याच्या एसटीची वेळ सांगितली, शैलाताईंनी चहा आणून ठेवला, तरी भिंग तिथेच होतं.