हेल्मेटातलं संत्रं

"हात वर झाले गं, ओझीलिया!" कानाला रेडिओ लावून मी ओरडलो. "सगळ्या देशांचा ठराव मंजूर! टोळ्यांना हटवायला फौज येणार!"

वर्गाच्या दारात बसून ओझीलिया आठ दिवसांच्या नातीला आंघोळ घालत होती. तिनं मानही वर केली नाही.

"किती हात?"

"पुष्कळ."

"त्यातला एक तरी येऊन माझ्या घराची कडी काढणारेय का, विचार तुझ्या त्या डबड्याला."

टोळीनं आमची टेकडी पेटवली तेव्हापासून आम्ही तीनशे माणसं पोर्ट-ओ-प्रिन्समधल्या या शाळेत राहतो. पायाखाली सगळं सिमेंट. नात इथेच, फळ्याखाली जन्मली. आमच्यात पोराची नाळ घरच्या अंगणात पुरतात, वर झाड लावतात. ते झाड त्या पोराचं. नाळ पुरली नाही तर माणूस जन्मभर भटकतं. ओझीलियानं नातीची नाळ मीठ लावून डबीत जपली होती. फौज आली की घरी जाऊन पुरायची.

ओझीलिया जन्माची धोबीण. मागच्या फौजेच्या वर्द्या तीच धुवायची. कांजी अशी कडक, की शिपाई झोपले तरी वर्द्या उभ्या राहून पहारा देत. खोटं वाटतं? अहो, खरा पहारा तेवढाच झाला! जाताना एक शिपाई आपलं निळं हेल्मेट तिच्याकडेच विसरला.

वर्ष सरलं, फौज काही आली नाही. ठरावाला मुदतवाढ मिळाली. पुन्हा हात वर. टोळ्यांचा मला राग येतो, पण त्यांनी निदान ठराव तरी केला नव्हता.

नात चालू लागली आणि सारखी फाटकाबाहेर धावू लागली.

"बघ, लागली भटकायला," ओझीलिया म्हणाली. त्याच दिवशी तिनं हेल्मेटात माती भरली, नाळ पुरली, वर संत्र्याची बी खोचली.

रोप वर आलं, तेव्हा कुठे नव्या फौजेचा साहेब शाळा बघायला आला.

दुभाष्या म्हणाला, "मावशी, हे फौजेचं सामान. परत द्या म्हणतात."

"न्या की! पण आधी आतली नाळ माझ्या अंगणात पुरून या म्हणावं. जळक्या चर्चवरून डावीकडे, तिसरं घर."

दोघं कुजबुजले. "त्या भागात जायची साहेबांना परवानगी नाही."

"मग हात कशाला वर केले होते? काखा वाळवायला?"

दुभाष्यानं ते काही साहेबाला सांगितलं नाही. साहेब हसून निघून गेला.

रोप आता हातभर झालंय. हेल्मेटाच्या पट्ट्याच्या भोकातून एक मूळ बाहेर येऊन सिमेंटला टेकलंय. ओझीलिया रोज सकाळी त्या मुळावर ओलं फडकं टाकते आणि चारही कोपरे नीट सरळ करते.