दोन इलेक्ट्रॉन गमावलेला

मुरबाडहून आलेल्या जीपमधून आमच्या फाट्यावर उतरले तर समोर मीच. फ्लेक्सवर. बारावीतला फोटो आणि खाली, ‘कु. भाग्यश्री पंढरी शेलवले हिने नवीन रेणू शोधल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ कडेला सरपंचांपासून क्रिकेटच्या टीमपर्यंत सगळे हात जोडून उभे. माझं डोकंच फिरलं. मी काहीही शोधलेलं नव्हतं.

बंगळूरच्या प्रयोगशाळेत चार वर्षं मी एकाच गोष्टीच्या मागे आहे. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आयन निर्वात यंत्रात सोडायचा, त्याच्या वाटेत कार्बन मोनॉक्साइडचा साधा, भार नसलेला रेणू आणायचा आणि काय होतं ते बघायचं. बहुतेकदा रेणू आपला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो. मग दोघंही धनभारित होतात आणि एकमेकांना दूर ढकलतात. क्वचित मात्र ते चिकटून राहतात. तेच मला दाखवायचं होतं.

गेल्या महिन्यात पडद्यावर नेमकी त्या जोडीच्या वजनाची रेघ उभी राहिली. प्रयोगशाळेत मी एकटीच. त्या शहरात तशी मी एकटीच असते. सांगणार कुणाला? बाबांना फोन लावला आणि ओरडले, “बाबा, सापडलं!”

पुढे कार्बन मोनॉक्साइडचा नळ बंद करून पाहिलं, तर रेघ जागची हलेना. यंत्राच्या एका जोडातून बारीक गळती होती आणि हवेतला नायट्रोजन आत येत होता. दोन्ही वायूंच्या रेणूंचं वजन जवळजवळ सारखंच. नायट्रोजनशी या आयनाची जोडी जमते हे जगाला आधीच ठाऊक आहे. सगळं मुसळ केरात. फोनवर हे सांगायचा धीर झाला नाही, म्हणून येते एवढंच कळवून आले.

बाबा ओटीवर भात पाखडत होते. आई गेल्यापासून ही कामंही तेच करतात. मी पिशवीसुद्धा खाली न ठेवता इलेक्ट्रॉन देणाऱ्या रेणूपासून गळतीपर्यंत सगळं सांगून टाकलं. ते रागावतील, गावात नाक कापलं म्हणतील, असं वाटलं होतं.

“म्हंजे तो रेणू नाय सापडला?”

“नाही बाबा.”

“आनि ज्यानं आपला इलेक्ट्रॉन देला, तो बी लांब जातो?”

“तोही जातो.”

बाबांनी सूप खाली ठेवलं. “लोकांचं सोड गो बाय. लोक चार दिस हसतील. पन तू सापडलं म्हनलीस, तवा मला वाटला काम संपला. आता पोर घरी येल.”

फ्लेक्सची लाज तिथेच संपली आणि दुसरंच काहीतरी सुरू झालं. खोटं बोलता आलं असतं. पण नुकतीच एक खोटी बातमी देऊन बसले होते.

“अजून दोन-तीन वर्षं तरी लागतील, बाबा.”

“लागू दे. करायचाच काम हाय ते.” ते उठले आणि पायात चपला सरकवू लागले.

“कुठे निघालात?”

“शेजारच्या लहानीकडं. माझी भाकरी तीच टाकते रोज. आज पोर येते, उद्यापासून नको टाकू, असा सांगून बसलो सकाळी.” ओटीच्या पायरीशी ते जरा थांबले, पण वळले नाहीत. “चालू ठेव म्हनून सांगतो.”